दहा मिनिटांत किराणा: ठाण्यातून एक सविस्तर रिव्ह्यू

सरळ मत आधी सांगते, कारण हे लांबणार आहे आणि सगळे शेवटपर्यंत वाचतीलच असं नाही. अडीअडचणीला ही दहा मिनिटांची डिलिव्हरी एक नंबर आहे, पण महिन्याचं घर तिच्यावर चालवू नका. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट तिन्ही आमच्या घरात वापरतात, आता ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट पण ह्यात उतरलेत, त्यामुळे हा कुठल्या एका ॲपचा रिव्ह्यू नाही, ह्या सगळ्या प्रकाराचाच आहे. त्यातलं कुठलं चांगलं असं विचाराल तर तुमच्या घरापासून ज्याचं स्टोअर जवळ ते तुमच्यासाठी चांगलं, बाकी रंग वेगळे आणि ऑफर वेगळ्या, एवढाच फरक मला दिसला.

आमचं घर घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे. इकडे राहणाऱ्यांना माहितीये, टॉवर भराभर उभे राहिले पण खाली उतरून चालत जाता येईल असा बाजार नाही, मेट्रोच्या कामाने रस्ता कधी कुठून वळेल सांगता येत नाही, आणि जांभळी नाक्याच्या बाजारात जायचं म्हणजे रविवारची अख्खी सकाळ गेली. आम्ही दोघं नोकरीवाले, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा कॉलेजात. म्हणजे ह्या कंपन्यांना जसं गिऱ्हाईक हवं असतं अगदी तसं घर, आणि अशी हजारो घरं एकाच रस्त्यावर, म्हणून तर इथे इतकी स्टोअर झालीत.

आता हे चालतं कसं ते थोडं सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की पोरगा गाडी जोरात मारतो म्हणून माल लवकर येतो. मुख्य कारण ते नाहीये, माल आधीच तुमच्या दोन-अडीच किलोमीटरच्या आत आणून ठेवलेला असतो. डार्क स्टोअर म्हणतात त्याला, एखादा मोठा गाळा, गिऱ्हाईकाला आत प्रवेश नाही, बाहेर बाईकची रांग. ऑर्डर पडली की आतल्या मुलाच्या हातातल्या मशीनवर वस्तू कुठल्या रॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे ते येतं, तो उचलतो, स्कॅन करतो, पिशवीत टाकतो. जास्त खपणाऱ्या वस्तू पॅकिंगच्या टेबलाजवळ ठेवतात म्हणजे पावलं वाचतात. उद्या ह्या स्टोअरला दूध किती, अंडी किती, आईस्क्रीम किती लागणार हे आधीच्या ऑर्डर, वार, पाऊस, मॅच, सणवार सगळं बघून सॉफ्टवेअर काढतं. मला वाटतं ह्यातली खरी टेक्नॉलॉजी हीच आहे, बाईक तर पूर्वीपासून होतीच. ब्लिंकिट ज्या कंपनीचं आहे तिचे संस्थापक आणि तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला जाहीरपणे हिशोब दिला होता, अडीच मिनिटांत पॅकिंग आणि मग सरासरी २ किलोमीटरपेक्षा कमी अंतर ८ मिनिटांत, म्हणजे ताशी १५ किलोमीटर, त्यामुळे कुणाला घाई करावी लागत नाही.

हिशोब कागदावर बरोबर आहे. पण सरासरी म्हणजे सगळ्यांची मिळून. आमच्या गेटवर आत्ताआत्तापर्यंत त्या मुलाला वहीत नाव लिहायला लागायचं, ॲपवर परवानगी येईपर्यंत थांबायला लागायचं, मग सर्व्हिस लिफ्ट शोधायला लागायची जी एका टॉवरला एकच आहे आणि त्यात फर्निचर चढत असतं, मग सव्विसावा मजला. हा सगळा वेळ कुठेतरी भरून निघतो आणि तो रस्त्यावरच निघणार ना. वाघबीळच्या नाक्यावर उलट्या बाजूने येणाऱ्या बाईकवरचे टी-शर्ट कुठल्या रंगाचे असतात ते एकदा उभं राहून बघा.

चांगलं काय ते मनापासून सांगते. रात्री साडेअकराला मुलाला उलट्या सुरू झाल्या तेव्हा ओआरएस आणि थर्मामीटर दारात आलं. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, परीक्षेच्या आदल्या रात्री संपलेली पेनाची रिफील, पाहुणे दारात आणि दूध फाटलं, ह्या गोष्टींना तोड नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी कापसाची वस्त्रं आणि जानवं राहिलं होतं, ते पण मिळालं, दुर्वांसकट. आणि आमच्या आई, म्हणजे सासूबाई, दुपारी घरी एकट्या असतात, त्यांना कुणापुढे हात न पसरता स्वतःचं स्वतः मागवता येतं ही फार मोठी गोष्ट आहे. त्या फोनजवळ तोंड नेऊन "शेंगदाणे" म्हणतात आणि शेंगदाणे येतात. टाईप करायला लागत नाही. ज्यांच्या घरी एकटे म्हातारे आईवडील आहेत आणि मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आहेत त्यांना मी हे डोळे झाकून सुचवेन, कारण तिकडे बसून इथल्या पत्त्यावर मागवता येतं, आणि तसं करणारे आमच्याच मजल्यावर आहेत.

आता मुद्द्याचं. ह्या सर्व्हिसने आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली बदलली तर यादी गेली.

महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला आई यादी करायच्या. आधी डबे उघडून बघायच्या, तूरडाळ किती उरलीय, रवा आहे का, साबुदाणा मागच्या महिन्याचा तसाच आहे म्हणजे ह्या महिन्यात नको, एकादशी कधी, पाहुणे येणारेत का, चातुर्मास लागतोय म्हणजे काय जास्त लागेल काय कमी. मग यादी दुकानात जायची, आणि दुकानदार खाली एक आकडा लिहून द्यायचा, अमुक हजार अमुकशे. तो आकडा मागच्या महिन्यापेक्षा वाढला की घरात बोलणं व्हायचं. म्हणजे दोन ठिकाणी ब्रेक होता, एक डब्यापाशी आणि एक त्या आकड्यापाशी, आणि ॲपने दोन्ही काढून टाकले. डबा उघडायची गरज नाही कारण संपलं की दहा मिनिटांत येतंय, आणि आकडा एकत्र कधी दिसतच नाही, १४८ गेले, २३१ गेले, ९९ गेले, प्रत्येक वेळी वाटतं एवढंच तर आहे. यूपीआय २०१६ ला आलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावर एका महिन्यात २,००० कोटींच्या वर व्यवहार झाले, एवढं ते आपल्या हाताला बसलंय, पैसे हातातून जाताना जे जाणवायचं ते आता जाणवत नाही. कॅशबॅक आणि ऑफर बाजूला ठेवा, ह्या सर्व्हिसचा धंदा ह्याच्यावर उभा आहे असं माझं मत झालंय.

मी बँकेचं स्टेटमेंट काढून ॲपवाल्या सगळ्या रकमा एकत्र केल्या आणि ऑर्डर हिस्ट्रीत जाऊन कशाकशाचे ते बघितलं. डाळ, तांदूळ, तेल, पीठ ह्यावरचा खर्च पूर्वीइतकाच आहे, आपण काही जास्त भात खायला लागलो नाही. वाढलेलं सगळं दुसरीकडे होतं, चिप्स, चॉकलेट, कोल्ड्रिंक, आईस्क्रीम, एक चार्जर घरात असताना दुसरा, मेणबत्त्या, हेअरबँड, शेंगदाणा चिक्कीचे तीन ब्रँड कारण एक ट्राय करून बघू. ही सगळी खरेदी बहुतेक रात्री नऊनंतरची. ह्यातली एकही वस्तू कधी यादीत आली नसती, कारण यादी सकाळी डोकं शांत असताना होते आणि ॲप रात्री दमल्यावर उघडलं जातं. तुम्ही पण हे एकदा करून बघा, प्रत्येक ॲपमध्ये जुन्या ऑर्डर दिसतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्या आई पूर्वी ग्राहक पंचायतीच्या संघात होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाली, ग्राहक चळवळीतले बिंदुमाधव जोशी वगैरे मंडळी त्यामागे होती. बऱ्याच घरांचा मिळून एक संघ, प्रत्येकाने महिन्याची मागणी लिहून द्यायची, सगळ्यांची एकत्र ऑर्डर, माल महिन्यातून एकदा एका घरी उतरायचा आणि तिथे सगळ्या बायका जमून वाटप करायच्या. दुकान नाही, जाहिरात नाही, मधला व्यापारी नाही, त्यामुळे भाव कमी आणि माल चोख. आई सांगतात की वाटपाच्या दिवशी कुणाच्या घरी काय चाललंय ते पण कळायचं आणि तक्रार असेल तर तिथल्या तिथे तोंडावर व्हायची. गिऱ्हाईक एकत्र आलं की त्याची ताकद वाढते ही त्यामागची कल्पना. आता ॲपकडे आमच्या टॉवरमधल्या सगळ्या घरांची मागणी रोज एकत्रच गोळा होते, कुठल्या मजल्यावर काय लागतं हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहितीये, पण त्याचा फायदा आम्हाला एकत्र मिळत नाही, आम्ही प्रत्येकजण एकेकटे गिऱ्हाईक, आणि एकाच संध्याकाळी एकाच टॉवरमध्ये कितीतरी वेगवेगळी पोरं वेगवेगळ्या पिशव्या घेऊन चढतात.

पैशांचं बोलायचं तर वस्तूचा भाव बघून भुलू नका, शेवटचं बिल बघा. हँडलिंग चार्ज, छोट्या ऑर्डरची फी, पावसाची फी, रात्रीची फी, हे सगळं शेवटच्या स्क्रीनवर येतं. सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे गिऱ्हाईकाला स्क्रीनवर फसवायच्या युक्त्यांची, नियमावली काढली त्यात असे तेरा प्रकार दिलेत, भाव थेंबाथेंबाने वाढवत नेणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी टाकणं, उगाच घाई दाखवणं, जाहिरात आहे हे लपवणं असं सगळं. जून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्सवाल्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायला पण सांगितलं. एका ॲपवर देणगीचे काही रुपये आधीच टिक केलेले असायचे, ते माझ्या मुलाने दाखवलं म्हणून कळलं, तेव्हापासून शेवटच्या स्क्रीनवर मी वरून खालपर्यंत सगळं वाचते. तक्रारीला १९१५ नंबर आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं.

सर्च केल्यावर वर जे येतं ते सगळ्यात चांगलं म्हणून येतं असं समजू नका. ती जागा कंपन्या पैसे देऊन घेतात, बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असतं. दुकानात पण चांगल्या जागेसाठी कंपन्या पैसे मोजतात हे खरं, पण दुकानात आपण मान वळवून बाजूचं बघू शकतो, फोनच्या स्क्रीनवर चार वस्तू मावतात आणि पाचव्यासाठी अंगठा हलवायला लागतो, दमलेला माणूस तो हलवत नाही.

तारखेचं पण बघा. एका ॲपवरून आलेल्या पनीरची तारीख दुसऱ्याच दिवशी संपत होती, पैसे परत मिळाले पण त्यांच्या वॉलेटमध्ये, म्हणजे परत तिथेच खर्च करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या मालाचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलंय की माल गिऱ्हाईकाच्या हातात पडताना त्याचं निदान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक पाहिजेत. हे वाक्य पाठ करून ठेवा, चॅटवर लिहिलं की पुढचा माणूस नीट बोलायला लागतो. जून २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, धारावीतल्या एका डार्क स्टोअरचं लायसन्स निलंबित केलं होतं, खाण्याच्या मालावर बुरशी आणि साठवण नीट नाही म्हणून, त्यानंतर पुण्यात बालेवाडीतल्या एका स्टोअरवर पण कारवाई झाली. गिऱ्हाईक आत जाऊ शकत नाही अशा दुकानात तपासणी जास्त वेळा व्हायला पाहिजे, निदान महिन्यातून एक दिवस तरी आजूबाजूच्या लोकांना आत बघू द्यावं असं मला फार वाटतं. आपल्या किराणावाल्याच्या दुकानात उंदीर फिरला तर आपल्याला दिसतो तरी.

भाजी. इथे मी जरा जास्त लिहिणारे कारण माझा जीव इथे अडकलाय. बटाटा, कांदा, टोमॅटो, आलं, लिंबू ठीक. मेथी, पालक चालेल. मे २०२४ मध्ये मुंबईच्या एका माणसाने ट्विटरवर लिहिलं की ब्लिंकिटवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागले म्हणून आईला धक्काच बसला, तर त्यांनी भाजीबरोबर कोथिंबीर फुकट सुरू केली, ती बातमी वाचून आमच्या घरी आनंद झाला होता. पण पावसाळ्यात जांभळी नाक्याला जाऊन बघा. शहापूर, मुरबाडकडून, येऊरच्या पाड्यांवरून आदिवासी बायका पहाटे येऊन बसतात, टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळं, कंटोळी, पानात गुंडाळलेली छोटी छोटी जुडगी. थंडीत चाकवत, घोळ, चंदनबटवा. ह्यातलं कंटोळी कधीतरी ॲपवर दिसतं, बाकी काही नाही, आणि येणार पण नाही असं मला वाटतं, कारण स्टोअरमधला प्रत्येक कप्पा त्या वस्तूने कमवायचा असतो. जी भाजी वर्षातून तीन आठवडे येते, दोन दिवस टिकत नाही, जिचा ना बारकोड ना ठरलेलं वजन, तिला कप्पा कोण देणार. सॉफ्टवेअर जे आधी खपलं तेच परत मागवतं, आणि जे मागवलं तेच आपल्याला दिसतं, आणि जे दिसतं तेच आपण घेतो. असं दहा वर्षं चाललं तर माझ्या मुलाच्या घरात पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकच भाजी शिजणार. तो शेवळं ओळखतो कारण मी त्याला बाजारात नेलंय, त्याच्या मित्रांना दाखवली तर त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, काही छोट्या मराठी उद्योगांना ह्याने रस्ता मिळालाय, थालीपीठ भाजणी, मेतकूट, कोकम आगळ आता तिथे मिळतं जे आमच्या इथल्या मोठ्या मार्टमध्ये शोधून सापडायचं नाही. हे वाढावं.

किराणा दुकानदारांबद्दल. घरपोच काही नवीन नाही हे आपण विसरलोय. आमच्या जुन्या घराजवळ, नौपाड्यात, फोन केला की दुकानातला मुलगा अर्ध्या तासात पिशवी आणून द्यायचा, फी नाही, पैसे नंतर दिले तरी चालायचं. आता पण आमच्या इथले एक दुकानदार व्हॉट्सॲपवर यादी घेतात, त्यांना आता मी परत मुद्दाम महिन्याची यादी पाठवायला लागलेय, डाळ त्यांची जास्त चांगली असते हे खरं कारण आहे. एफएमसीजीच्या, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या मालाच्या, वितरकांची जी देशभरातली संघटना आहे तिने २०२४ मध्ये सांगितलं की एका वर्षात दोन लाखाच्या आसपास किराणा दुकानं बंद पडली, हा त्यांचा दावा आहे आणि ते ह्या लढाईत एका बाजूला उभे आहेत हे लक्षात घेऊन तो वाचावा, पण आमच्या रस्त्यावर दोन शटर खाली गेलीत ती मी स्वतः बघतेय.

आणि दुकान नुसतं आमच्यासारख्यांसाठी नसतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई रोजच्या रोज घेतात, दहा रुपयांची चहा पावडर, वीस रुपयांचं तेल, शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी. आपल्या देशात शाम्पू घराघरात गेला तो ह्या पुड्यांमुळे, दुकानाच्या दारात माळेसारख्या लटकलेल्या असतात ना त्या. ॲपला पुडी परवडत नाही, एका पुडीसाठी मुलगा पाठवला तर त्यांचंच नुकसान, म्हणून तिथे सगळा मोठा पॅक, नाहीतर सहा-सहाचा जोड, आणि थोडक्याची ऑर्डर केली तर वर फी. ताईंच्या मुलीकडे फोन आहे, ॲप पण आहे, पण महिनाअखेरीला उधार कोण देणार? आमच्यासारखी गिऱ्हाईकं गेल्यावर दुकान टिकलं नाही तर ताईंची पुडी आणि उधारी दोन्ही जातात. आमच्या सोयीची किंमत अशी दुसरीकडे फुटते.

परदेशात हेच आलं आणि बऱ्यापैकी बंद पण झालं. बर्लिनचं गोरिलाज तुर्कस्तानच्या गेटिरने २०२२ च्या शेवटी घेतलं आणि एप्रिल २०२४ मध्ये गेटिरनेच ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकेतून गाशा गुंडाळला. त्याआधी ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमने शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे नवीन डार्क स्टोअर थांबवले होते. आपल्याकडे मात्र मार्च २०२५ अखेर एकट्या ब्लिंकिटचीच १,३०१ स्टोअर होती. आपली वस्ती दाट आहे, आपल्याला रोज ताजं लागतं ही कारणं आहेतच, पण सगळ्यात मोठं कारण म्हणजे पिशवी आणून देणाऱ्या मुलाचे कष्ट आपल्याकडे स्वस्त आहेत.

त्यांच्याशी बोला जरा. आमच्याकडे येणारी बरीच पोरं मराठवाड्यातली आहेत, परभणी, नांदेड, लातूर, कुणी गावी शेती परवडत नाही म्हणून आलेला, कुणी एमपीएससीचा अभ्यास करतोय आणि संध्याकाळचे चार-पाच तास गाडी चालवतो. ऑर्डरमागे पैसे, ठरलेल्या ऑर्डर पूर्ण केल्या तर वरचा इन्सेंटिव्ह, म्हणजे शेवटच्या दोन ऑर्डर राहिल्या की पाऊस असो नाहीतर ताप असो, तो थांबू शकत नाही. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, पंक्चर त्याचं. डिसेंबर २०२५ मध्ये नाताळला आणि ३१ तारखेला देशभर ह्या कामगारांनी संप पुकारला, त्यानंतर जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्री मनसुख मांडवियांनी कंपन्यांशी बोलून दहा मिनिटांचा आकडा काढायला सांगितलं आणि ब्लिंकिटने जाहिरातीतून तो काढला. चांगलं झालं. पण मोजायचं काम थांबलेलं नाही, आमच्या इथे माल येतो तेवढ्याच वेळात, इन्सेंटिव्हची पायरी तशीच आहे असं पोरं सांगतात. सामाजिक सुरक्षेची जी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली तिच्यात कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के ह्या कामगारांच्या निधीत द्यायचेत, कामगारांना जे पैसे देतात त्याच्या ५ टक्क्यांपर्यंतच, त्यापेक्षा जास्त नाही. ते पैसे परभणीच्या त्या पोराच्या अपघाताच्या वेळी खरंच हातात पडले पाहिजेत, तेवढ्यावर लक्ष ठेवायला पाहिजे. आमच्या सोसायटीत मी हट्टाने दोन गोष्टी करून घेतल्या, सगळ्या लिफ्ट त्यांना उघड्या आणि गेटवर पाण्याचा कूलर. वहीत नाव लिहायचं पण बंद केलं, गेटवरच्या ॲपमध्ये येतंच ना.

पुढे काय येतंय ते पण बघून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, ऑनलाईन पेमेंटची कंपनी रेझरपे आणि चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने चॅटजीपीटीतून खरेदी करून तिथेच यूपीआयने पैसे भरायची चाचणी जाहीर केली, पहिल्या दुकानांमध्ये बिगबास्केट होतं. म्हणजे "रविवारी सहा माणसांसाठी मिसळ करायचीय" एवढं सांगायचं आणि मटकीपासून फरसाणापर्यंत सगळं ते मागवणार. मुलगा खूश आहे, मला पण सोय कळते. पण कुठल्या ब्रँडचं फरसाण हे कोण ठरवणार? आज जाहिरात असं बारीक का होईना लिहिलेलं दिसतं, उद्या चॅटजीपीटी नुसतं म्हणेल की हे चांगलं आहे, आणि आपण हो म्हणणार. ह्याला नियम आत्ताच पाहिजेत, सगळ्यांना सवय लागल्यावर नको. आणि ही एवढी हुशार मशीन जर आहेतच तर त्यांनी माझी यादी धरावी ना, घरात काय उरलंय ते मला विचारावं, महिन्याचा आकडा वर मोठ्या अक्षरात दाखवावा, मागच्या महिन्यापेक्षा किती जास्त झाला ते सांगावं. तांत्रिकदृष्ट्या ह्यात अवघड काही नाही, सगळी माहिती त्यांच्याकडे आहे, फक्त तसं केलं तर आपण कमी घेऊ.

माझे स्टार सांगते, तातडीच्या गोष्टींना पाचपैकी पाच, पॅकबंद मालाला तीन, भाजीला दोन, आणि बिलाच्या पारदर्शकतेला एक. आम्ही आता घरात असं ठरवलंय की ॲप फोनच्या पहिल्या स्क्रीनवर नाही, नोटिफिकेशन बंद, कार्ड सेव्ह नाही, आणि रात्री नऊनंतर औषधपाणी सोडून काही नाही, मुलगा कुरकुरला पण पाळतोय.

आणि कंपन्यांकडे एक मागणी आहे, कुणी तिथे काम करत असेल तर पोचवा. सकाळी दूध देणारी ॲप होती तेव्हा एकच मुलगा येऊन अख्ख्या टॉवरचं दूध ठेवून जायचा, पहाटे, शांतपणे, एका फेरीत. त्यातलं सुपर डेली २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातून बंद झालं, पण पद्धत चांगली होती. तसाच संध्याकाळी सातचा एक स्लॉट द्या, एका बिल्डिंगच्या सगळ्या ऑर्डर एकत्र, एक गाडी, पिशव्या कमी, फी नाही, आणि फेऱ्या वाचल्या त्यातले थोडे पैसे त्या मुलाला आणि थोडे आम्हाला. ज्याला खरंच घाई आहे त्याने घाईचे पैसे द्यावेत. मी हे सोसायटीच्या ग्रुपवर मांडलं तर बरीच घरं लगेच तयार झाली, त्यात आमच्या आईंच्या वयाच्या बायका सगळ्यात पुढे, वाटप आमच्याकडे होऊ द्या म्हणाल्या. जे ॲप असा स्लॉट पहिल्यांदा देईल त्याला आमच्या टॉवरची महिन्याची यादी मिळेल.